काउंटरखालचं कार्ड

१२ मार्च, मंगळवार. रक्तदाब १४०/८५.

ही वही डॉक्टर सिकोराबाईंनी दिली. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा आणि लिहायचा, एवढंच काम. जानेवारीत माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून बाईंचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. पण दोन आकड्यांसाठी अख्खं पान कोरं सोडायचं हे मला पटत नाही. तीस वर्षं मी तार्नुफच्या मोटर कारखान्यात पुरवठा विभाग सांभाळला, कागद कधी वाया घालवला नाही. तेव्हा उरलेल्या जागेत मी, लुद्विक पेंकाला, काय घडतं ते लिहीत जाईन.

आज घडलं ते असं. माल्विनाचा संदेश आला. मला नाही, तिच्या आईला. जूनच्या दहा तारखेच्या आसपास बाळ होणार आहे. बोझेनानं फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "वाच." मी म्हणालो, चष्मा नाहीये. चष्मा डोळ्यांवरच होता. मग तिनंच वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, "दोघंही या."

पोरगी सहा वर्षं हॉलंडमध्ये, उत्रेख्तला आहे. तिथल्याच योस्त नावाच्या उंचाड्या माणसाशी लग्न केलं. तिकडे पगार बरा मिळतो म्हणून गेली, सगळेच जातात. या सहा वर्षांत 'दोघं' हा शब्द पहिल्यांदाच आला.

संध्याकाळी पुन्हा मोजला, १६५/९५. सूप खारट होतं.

१५ मार्च, शुक्रवार. १४५/९०.

सिकोराबाई म्हणाल्या, खुशाल जा. फक्त युरोपचं आरोग्य कार्ड बरोबर ठेवा. तिकडे काही झालंच, तर तिथल्या सरकारी दवाखान्यात तिथल्या लोकांसारखेच उपचार होतील. मी विचारलं, हे कार्ड मिळतं कसं? त्या म्हणाल्या, "आरोग्य निधीच्या कार्यालयात जायचं आणि मागायचं. फुकट आहे."

मी नुसता हसलो. डॉक्टर लोक शिकलेले असतात, पण जगाचं त्यांना काही कळत नाही.

मागायचं म्हणे! मी या देशात फरशा मिळवल्यात, टायर मिळवलेत, ज्या वर्षी संपूर्ण जिल्ह्यात बाथटब नव्हता त्या वर्षी बिशपच्या बहिणीला पांढराशुभ्र बाथटब मिळवून दिलाय. यातली एकही गोष्ट मी मागितली नव्हती. प्रत्येक वस्तू दोन प्रकारची असते. एक काउंटरवरची, जी मागणाऱ्याला मिळते. दुसरी काउंटरखालची, जी खरी असते. सॉसेजचं तेच, औषधांचं तेच, आणि कार्ड काही आभाळातून पडलेलं नाही. शिवाय जे फुकट आणि सगळ्यांना मिळतं, त्यावर परदेशातला हुशार डॉक्टर तुमची छाती उघडेल का? अजिबात नाही.

बोझेनानं विमानाची दोन तिकिटं काढली, आठ जूनची. मला न विचारता.

१९ मार्च, मंगळवार. १४२/८८.

बोझेना सकाळी मासे आणायला गेली आणि येताना आरोग्य कार्ड घेऊन आली.

"निधीचं कार्यालय वाटेतच होतं," म्हणाली. "आत गेले, एक कागद भरला, बाईनं तिथल्या तिथे छापून दिलं. माशांच्या रांगेला जास्त वेळ लागला."

मी ते कार्ड खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिलं. निळं प्लास्टिक, तारे, नाव, नंबर. नाव बरोबर होतं, हे मान्य. मी तिला प्रेमानं समजावलं की हे काउंटरवरचं आहे. विमानतळावर मिरवायला ठीक, पण वेळ आली की तिथला माणूस यंत्रात घालेल, त्याला कळेल हे कुठल्या प्रतीचं आहे, आणि बाई तू बसशील बाकड्यावर.

"आणि तू कुठे बसशील?" तिनं विचारलं.

"आत."

"लुद्विक, तो मासा साफ कर," ती म्हणाली. चर्चेत हरली की ती असंच करते.

२१ मार्च, गुरुवार. १३८/८५.

आकडा बघा! काम मार्गी लागलं की शरीराला लगेच कळतं.

आमच्या बागकॉलनीत माझ्या जमिनीच्या तुकड्याला लागूनच विल्चेक सरांचा तुकडा आहे. सर म्हणजे संगीत शाळेचे माजी मुख्याध्यापक. मधमाश्या पाळतात, पांढरी दाढी आहे, आणि बोलताना डोळे अर्धे मिटतात. अशा माणसाकडे शब्द टाकला की निम्मं काम तिथेच झालेलं असतं. त्यांची मेहुणी वांडाबाई आरोग्य निधीच्या कार्यालयात आहे, हे मी थंडीतच हेरून ठेवलं होतं.

मी कुंपणाशी जाऊन विषय काढला. सरांनी डोळे मिटले.

"कार्ड," ते म्हणाले. "हं. आणि तुम्हाला ते... चांगलं हवंय."

"अर्थात."

"नाजूक आहे, पेंकालासाहेब. पण तुम्ही परके नाही. बघतो."

नाजूक! बोझेनानं मासे घेता घेता आणलं ते नाजूक असतं का? मी दुपारीच कोन्याकची बाटली आणि वांडाबाईंसाठी चॉकलेटचा मोठा डबा पोचवला. सर नको नको म्हणत होते. नको म्हणता म्हणता त्यांनी पिशवी आत नेऊन ठेवली. जुन्या वळणाचा माणूस आहे.

आणि मी उगाच विश्वास टाकत नाही. सहा वर्षांपूर्वी माल्विनाला संगीत शाळेत पियानो शिकवायची नोकरी लागली ती कुणामुळे? एका जागेसाठी किती अर्ज! मी गुपचूप सरांकडे गेलो, धुरावलेला एक अख्खा हॅम आणि दोन बाटल्या दिल्या, आणि एक सप्टेंबरला पोरगी पियानोपुढे बसलेली. तिला मी बोललोही नाही. बाप होतो, कर्तव्य केलं.

म्हणजे, पुढे बोललो. पण तो वेगळा विषय आहे.

४ एप्रिल, गुरुवार. १४४/९०.

सर म्हणाले, कार्यालयात नवीन साहेब आलाय. सगळ्या फायली त्याच्या टेबलावरून जातात. ईस्टरपर्यंत थांबावं लागेल.

बोझेनाला सांगितलं. ती कोबी चिरत होती.

"कुठला नवीन साहेब? तिथे काचेपलीकडे एक बाई बसते. केस लाल आहेत. बोलायला छान आहे."

"ती काचेपुढची आहे, बोझेना."

"आणि मागे कोण असतो?"

"तेच तर तुला माहीत नाही."

१८ एप्रिल, गुरुवार. १४८/९२.

ईस्टर तीन दिवसांवर आला. सरांकडे घरचं पांढरं सॉसेज, बोझेनानं केलेला केक आणि तिखट मुळ्याची बरणी पोचवली. केक गेल्याचं बोझेनाच्या लक्षात आलं. तिनं दुसरा करायला घेतला आणि अंडी जरा जोरातच फोडली.

सरांनी विचारलं, "हॉलंडला कशासाठी जाताय?" मी म्हणालो, मुलीचं बाळंतपण. ते म्हणाले, "माल्विनाचं? अरे वा. फार गुणी मुलगी. पियानोवर फार स्वच्छ हात." मी म्हणालो, "तुमचीच कृपा, सर." त्यांनी डोळे मिटले आणि खांद्यावरची माशी हाकलली.

६ मे, सोमवार. १६०/९६.

आता कागदपत्रं. सर म्हणाले, फाइल भक्कम हवी. जन्माचा दाखला, कारखान्याचं सेवापत्र, पेन्शनचा कागद, आणि पाद्रीबुवांकडून एखादं वर्तणुकीचं पत्र असेल तर सोन्याहून पिवळं. पाद्रीबुवांनी विचारलं, "तुम्ही शेवटचे चर्चमध्ये कधी आला होतात?" मी म्हणालो, छप्पर दुरुस्तीला पत्रा कुणी मिळवून दिला होता? त्यांनी लगेच सही केली.

शिवाय सरांची कंबर धरलीय, म्हणून त्यांचे स्ट्रॉबेरीचे दोन वाफे मीच खणून दिले. काम मागितलं नव्हतं त्यांनी. कुदळ कुंपणाला टेकवून नुसते उसासे टाकत होते. आपल्याला समजायला नको?

बोझेना मला शोधत बागेत आली आणि माझ्या हातात कुदळ पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"जाळी बसवलेला माणूस दुसऱ्याचे वाफे खणतोय! परदेशात आजारी पडलास तर उपाय हवा म्हणून इथेच मरायला निघालायस?"

घरी येईपर्यंत ती बोलतच होती, आणि घरी आल्यावर तिनं तो वेगळा विषय काढला. पंचवीस ऑगस्ट, माझ्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे माझा नामदिन, सहा वर्षांपूर्वीचा. टेबलाभोवती चौदा माणसं. कुणीतरी माल्विनाच्या नोकरीचं अभिनंदन केलं आणि मी म्हणालो, "अहो, अभिनंदन हॅमचं करा!" सगळे हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी गोष्ट चांगली सांगतो, हे सगळे मान्य करतात. माल्विना भाजीचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि आत गेली. शाळा सुरू झाली तशी नोकरीवर रुजूही झाली, पण एका महिन्यातच राजीनामा दिला आणि उत्रेख्तला जाऊन हॉटेलात कपबश्या विसळायला लागली. बापानं मिळवून दिलेली जागा सोडून परक्यांच्या कपबश्या!

"तिला काय झालं होतं ते तुला अजून कळलेलं नाही," बोझेना म्हणाली.

"पगार," मी म्हणालो.

मग रक्तदाबाचं यंत्र आणून तिनं स्वतःच पट्टा बांधला. वरचा आकडा त्यानंतरचा आहे.

२० मे, सोमवार. १५५/९४.

सर म्हणतात, फोटो हवा. मी म्हणालो, बोझेनाच्या कार्डावर फोटो नाही. ते म्हणाले, "म्हणूनच." मला या उत्तरानं फार समाधान वाटलं.

फोटोत मी कठोर दिसतो. बोझेना म्हणाली, पोलिसांनी भिंतीवर लावलेल्या फरारी माणसासारखा आहे. तिनं आपली बॅग आत्ताच भरून ठेवलीय. तिच्यात बाळाचे लोकरी मोजे आहेत, सहा जोड. माझी बॅग अजून कपाटावरच आहे. कार्डाशिवाय बॅग भरणं मला अशुभ वाटतं.

खरं लिहायचं तर, कार्ड उशिरा येतंय याचा मला फारसा राग येत नाही. दर वेळी सर "अजून थोडं थांबा" म्हणाले की छातीत जरा मोकळं वाटतं. पोचल्यावर दार कोण उघडणार, तिथे काय बोलायचं, याचा विचार तोपर्यंत करावा लागत नाही. हे का लिहिलं कोण जाणे. ही वही डॉक्टरांना दाखवायची आहे, हे पान फाडावं लागेल.

३० मे, गुरुवार. १७०/१००.

बाळ आज पहाटेच आलं, अकरा दिवस आधी. मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. दोघी ठीक आहेत.

बोझेना फोनवर रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. मी शेजारी उभा होतो. तिनं फोन माझ्यापुढे धरला. मी हातानंच खूण केली, तूच बोल. का केली माहीत नाही. पलीकडून माल्विनाचा आवाज येत होता, "आई? आई, आहेस ना?" आवाज थकलेला होता आणि अगदी पहिल्यासारखाच होता.

दुपारी बोझेनानं आपलं तिकीट परवाचं करून घेतलं.

१ जून, शनिवार. मोजला नाही.

बोझेना गेली. मी बसपर्यंत बॅग नेली.

"तिकीट तुझंही बदलता आलं असतं," ती म्हणाली.

"कार्ड नाहीये. सर म्हणाले, या आठवड्यात शंभर टक्के."

"तुझं कार्ड आतून येईपर्यंत पोरगी शाळेत जायला लागेल." मग बसच्या पायरीवर वळून म्हणाली, "आठ तारखेचं तिकीट तुझं आहे. आलास तर आलास. नाही आलास तर मी तिला सांगेन, बाबाला यायचं नव्हतं. कार्डाचं नाव सांगणार नाही. खोटं मला जमत नाही."

फ्रिजमध्ये पिएरोगीचे, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचे, सहा डबे ठेवून गेली आहे. प्रत्येकावर वार लिहिलाय, शुक्रवारपर्यंतचाच. शनिवारचा डबा नाही.

३ जून, सोमवार. १५८/९५.

आज सविस्तर लिहितो.

काल सरांकडे गेलो तर ते म्हणाले, वांडाबाई रजेवर आहेत, पंधरा तारखेनंतर बघू. पंधरा! मी रात्रभर कूस बदलली आणि ठरवलं, वांडाबाई नसल्या तरी काचेमागे कोणीतरी असेल. आपण स्वतः जायचं, आणि माणूस हेरायचा.

कार्यालय आठला उघडतं. मी साडेपाचला दारात पोचलो. रांग नव्हती. वहीचा कागद फाडून यादी सुरू केली आणि पहिल्या क्रमांकावर स्वतःचं नाव घातलं. रांग आपोआप लागत नाही, कुणीतरी ती चालवावी लागते. सव्वासहाला कुत्रं घेऊन एक बाई आल्या. त्यांना दुसरा क्रमांक दिला. त्या म्हणाल्या, "मी कुत्र्याला फिरवतेय." मी म्हणालो, तरी असू द्या, हजेरी सातला आहे. सातला मी हजेरी घेतली. मी हजर होतो.

आठला चार माणसं आली. कुणी यादी बघितली नाही. आत एक यंत्र होतं, बटण दाबलं की चिठ्ठी निघत होती. मी वयाच्या मानानं वेगानं चाललो, तरी मला तिसरा नंबर मिळाला. चिठ्ठी खिशात पोचते न पोचते तोच नंबर पुकारला.

काचेपलीकडे लाल केसांची बाई होती.

"बोला, आजोबा."

आजोबा! अजून मी तिकडे पोचलोही नव्हतो. मी खाली वाकून हळूच म्हणालो, "वांडाबाईंच्या ओळखीतून आलोय."

"वांडाबाई? त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मुलाकडे राहतात, समुद्रावर. बऱ्या आहेत ना त्या?"

मी बरोबर आणलेला चॉकलेटचा नवा डबा काचेखालच्या फटीतून सरकवायला लागलो. फट लहान होती. डबा अडकला.

"आजोबा, हे काढा बरं. मागच्यांना अडचण होतेय. काय हवंय तुम्हाला?"

"कार्ड," मी म्हणालो. "युरोपचं. पण ते... दुसरं."

"दुसरं म्हणजे?"

"जे खरोखर चालतं."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. "एकच असतं, आजोबा. आणि ते चालतं. कुठे जायचंय?"

"हॉलंड. नात झालीय."

"अय्या! अभिनंदन. हा कागद भरा, इथे सही."

मी पिशवीतली फाइल काढली. जन्माचा दाखला, सेवापत्र, पेन्शन, पाद्रीबुवांचं पत्र, फोटो. तिनं फक्त ओळखपत्र घेतलं. पाद्रीबुवांचं पत्र मात्र वाचलं आणि म्हणाली, "किती छान लिहिलंय." मग काहीतरी टाइप केलं, मागे यंत्र घरघरलं, आणि तिनं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. निळं. तारे, नाव, नंबर. हुबेहूब बोझेनाच्या कार्डासारखं.

"हे फक्त सरकारी दवाखान्यात चालतं बरं का, खाजगीत नाही. आणि तिकडून रुग्णवाहिकेनं परत आणायचा खर्च यात नाही, त्यासाठी वेगळा विमा काढा."

एवढ्या अटी ऐकून जरा बरं वाटलं. पण बाहेर येऊन घड्याळ बघितलं तर आठ वाजून सहा मिनिटं झाली होती.

बाहेर बाकावर बसलो. सर्वांत आधी राग आला. मार्चपासून कोन्याक, चॉकलेट, सॉसेज, केक, दोन वाफे, आणि विल्चेकनं एकदाही इथे पाऊल ठेवलेलं नाही! तिथून तडक बागेत गेलो. सर माझ्या खणलेल्या वाफ्यातल्या स्ट्रॉबेऱ्या तोडत होते.

मी कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं. "सहा मिनिटांत मिळालं. मागितलं आणि मिळालं. वांडाबाई चार वर्षं समुद्रावर आहेत!"

त्यांनी डोळे मिटले नाहीत, ते नीट माझ्याकडे बघत होते. लबाडाला लाज वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

"मी काय सांगणार होतो, पेंकालासाहेब? नुसतं जा आणि मागा, असं? सांगून बघितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, विल्चेकला मदत करायची नाहीये. तुमच्या बायकोनं आणून दाखवलं, तरी तुमचा विश्वास बसला नाही."

"मग कोन्याक कशाला घेतलीत?"

"तुम्ही देत होतात. घेतली नसती तर तुमचा अपमान झाला असता." त्यांनी एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. "त्या हॅमच्या वेळीही हेच झालं."

मी विचारलं, कुठल्या हॅमच्या?

"माल्विनाच्या. अहो, पाच जणांची समिती होती. अकरा उमेदवार वाजवून गेले. तिनं वाजवलं आणि पुढच्याचं कुणी ऐकलंच नाही. पाच मिनिटांत एकमत झालं, नेमणुकीचं पत्र टपालात पडलं. त्यानंतर आठवड्यानं तुम्ही हॅम घेऊन माझ्या दारात. काय करायचं होतं मी? म्हणायचं होतं, घेऊन जा, तुमच्या मुलीला याची गरज नाही?"

"हो," मी म्हणालो.

"हं," सर म्हणाले. "बहुतेक तेच म्हणायला हवं होतं." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी लाजेसारखं दिसलं. त्यांनी स्ट्रॉबेरीची परडी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही.

घरी येऊन सोमवारचा डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. मी तिला नोकरी मिळवून दिली नव्हती. तिनंच मिळवली होती, आणि मी चौदा माणसांसमोर ती हॅमच्या नावावर केली. आज मला फार लाज वाटतेय. अशी लाज मला कारखाना बंद पडला तेव्हाही वाटली नव्हती. पण म्हणजे यात सुटकाही आहे. तिला हे सांगितलं पाहिजे. तिला हे माहीतच नसणार! सहा वर्षं ती समजत असेल की बापाच्या वशिल्यानं लागली. तिला कळलं की सगळं मिटेल.

४ जून, मंगळवार.

सकाळी बोझेनाला फोन केला. माल्विनानं उचलला.

"आई बाळाला अंघोळ घालतेय," ती म्हणाली. आणि मग, "बाबा."

मी काल रात्री चार वाक्यं तयार करून ठेवली होती, ती सगळी गेली. मी म्हणालो, "कार्ड मिळालं."

"अरे वा. आई म्हणाली होती, भानगड चाललीय. शेवटी किती वेळ लागला?"

"सहा मिनिटं."

ती हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. मला धीर आला आणि मी सगळं एका दमात सांगून टाकलं. विल्चेक, पाच जणांची समिती, अकरा उमेदवार, पाच मिनिटांत एकमत. "माल्विना, तुझी नोकरी तुझीच होती. माझा काही संबंध नव्हता. तू स्वतः मिळवलीस. मला कालच कळलं."

पलीकडे बादलीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"नेमणुकीचं पत्र आलं होतं ना घरी. मी किती नाचले होते त्या दिवशी."

मला वाटलं, पोरीची काहीतरी गल्लत होतेय. "मग नामदिनाला तिथल्या तिथे का नाही म्हणालीस? सगळ्यांसमोर मला खोटं पाडायचं होतंस! मला कुठे माहीत होतं पत्राचं?"

"तू वाचलं होतंस, बाबा. मी तुझ्याच हातात दिलं होतं. तू दोनदा वाचलंस, मागची बाजू बघितलीस, मला म्हणालास शाबास. आणि मग हॅम घ्यायला गेलास."

मी खुर्चीत बसलो. पत्र आठवलं. जाड कागद, कोपऱ्यात शिक्का, खाली सही. आणि आपण काय विचार केला होता तेही आठवलं. शिक्का खरा आहे, पण पोरीला नुसतं वाजवून कोण जागा देणार? काहीतरी घोटाळा असेल, उद्या जागा दुसऱ्याच कुणाला देतील, तेव्हा आधीच पक्कं करून टाकलेलं बरं. अगदी हेच. सहा वर्षं मी ते विसरलो होतो, किंवा नव्हतो विसरलो.

माफ कर म्हणायचं होतं, आणि मी कार्डाची कडा नखानं खरवडत बसलो. नुसता श्वास ऐकू जात असावा, कारण ती म्हणाली, "बरा आहेस ना? छातीत दुखत नाही ना?"

"नाही. माल्विना, मला लाज वाटते."

मागून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि बोझेनाचा, टॉवेल कुठे आहे म्हणून. फोन ठेवला जाईल असं वाटलं, म्हणून घाईनं म्हणालो, "मी शनिवारी येऊ?"

"तिकीट तर काढलंय ना तुझं."

"तिकीट आहे. कार्ड आहे. मी विचारतोय तुला. येऊ का?"

एवढा वेळ कुठल्याच खिडकीपुढे मी थांबलो नव्हतो. बाळ रडायचं थांबलं होतं.

"ये," माल्विना म्हणाली.

फोन ठेवून तासभर झाला असेल. बॅग कपाटावरून काढली, शर्ट भरले. तीस वर्षांची सवय आहे, त्यामुळे मघापासून उठून दोनदा कोट घातला आणि काढून ठेवला, कारण तिच्या या एका 'ये'बद्दल कुणाकडे काय पोचवायचं ते सुचत नाहीये.